बिगरहंगामी ओव्हरहॉलिंगचा कंत्राटदार : गाळपाच्या तीन महिन्यांनंतरचा अनुभव

चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या अभियांत्रिकी विभागात मी काम करतो. गेल्या एप्रिलमध्ये मिल, बॉयलर आणि बॉयलिंग हाउस (रस उकळून साखर करण्याचा विभाग) यांच्या ओव्हरहॉलिंगसाठी, म्हणजे गाळप बंद असताना यंत्रे उघडून दुरुस्त करण्यासाठी, आम्ही नवा कंत्राटदार नेमला. नोव्हेंबरात गव्हाणीत उसाची मोळी पडून हंगाम सुरू झाला आणि तेव्हापासून त्यानेच उघडून बसवलेल्या यंत्रांवर अहोरात्र गाळप चालू आहे, त्यामुळे त्याच्या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येते.

त्याआधीच्या वर्षी आम्ही सर्वांत कमी दराचे टेंडर मंजूर केले होते. कागदावर अनुभवी फिटरांची नावे होती, प्रत्यक्षात आली ती वेगळीच माणसे. गाळपाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिसऱ्या मिलचे बेअरिंग तापले. उघडून पाहिले तेव्हा तेलाच्या नळीत पुसायच्या कापडाची चिंधी अडकलेली निघाली. त्या रात्री यार्डात उसाने भरलेल्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि गाडीवान थंडीत शेकोटीभोवती बसून होते. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, वजन घटते, उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) घसरतो. म्हणजे आमच्या निवडीतली चूक अखेर शेतकऱ्यालाही भोवते. हे मला फार लागले.

म्हणून या वेळी दराचा लिफाफा आम्ही शेवटी उघडला. त्याआधी प्रत्येकाला दोनच गोष्टी मागितल्या : प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या फोरमन, फिटर आणि वेल्डरची नावे, आणि मागच्या एखाद्या कामाची मापांची वही. बहुतेकांनी छापील माहितीपत्रके पुढे केली. एकाने मात्र तेलकट डागांची जाड वही आणली. तिच्यात यंत्र उघडतानाची आणि बंद करतानाची मापे समोरासमोर लिहिलेली होती आणि दोन्हींखाली कारखान्याच्या माणसाची सही होती. त्याचा दर दुसऱ्या क्रमांकाचा होता, तरी काम त्यालाच दिले आणि नावे कळवल्याशिवाय माणसे बदलायची नाहीत, अशी अट करारात घातली.

काम पाहताना समाधान वाटले. प्रत्येक मिलचे नट-बोल्ट वेगळ्या पेटीत ठेवून पेटीवर मिलचा क्रमांक रंगवलेला असे. तेलाच्या नळ्या हवेने फुंकून झाल्यावर दोन्ही तोंडे बंद करून ठेवत. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवण्याच्या भांड्याच्या, नळ्यांना ब्रश मारून झाला की फोरमन खाली दिवा धरायला लावी आणि वरून एकेका नळीतून उजेड दिसतो का ते स्वतः वाकून पाही. अंधुक दिसलेली नळी खडूने खूण करून पुन्हा घासली जाई. अशा भांड्यात माणूस उतरण्यापूर्वी आतला ऑक्सिजन मोजत, तो १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर कोणालाही उतरू देत नसत आणि बाहेर एक माणूस सतत उभा असे. यंत्र चालू न करण्याच्या पाट्या मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत लावल्या होत्या, कारण आमचे खलाशी (यंत्रावरचे मदतनीस), पाळीचे कामगार आणि बाहेरून आलेले वेल्डर यांची भाषा एक नव्हती.

बॉयलरचे काम ऐन पावसाळ्यात आले. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ७०१८ या प्रकारच्या वेल्डिंग रॉडला ओल धरायला वेळ लागत नाही आणि तसा रॉड वापरला तर जोडाला पुढे तडा जाण्याचा धोका असतो. हा गट ओव्हनमध्ये तापवलेले रॉड गरम डब्यातूनच नळ्यांपाशी नेई आणि प्रत्येक जोडापाशी वेल्डरचा क्रमांक टाकी. निरीक्षकांसमोर हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाची) चाचणी झाली, तेव्हा एकाही जोडातून पाणी पाझरले नाही.

तक्रारी दोन आहेत. उघडल्यावर सापडलेल्या जादा कामांचे दर आम्ही आधी ठरवले नव्हते, त्यामुळे सप्टेंबरात बिलावरून बरीच ओढाताण झाली. त्यात आमचाही तितकाच दोष आहे. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. डिसेंबरात रसाच्या दोन पंपांची ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी जागा) गळू लागली, तेव्हा त्याचा माणूस तीन दिवसांनी आला आणि तोवर पॅकिंग आमच्याच फिटरांनी बदलले होते. मिल आणि बॉयलरच्या दुरुस्तीत मात्र आजवर काही काढावे लागलेले नाही. येत्या बिगरहंगामाचे कामही त्यालाच द्यावे, अशी शिफारस मी केली आहे. मात्र जादा कामाचे दर करारालाच जोडावेत आणि गाळपाच्या पहिल्या महिन्यात त्याचा एक फिटर कारखान्यावरच राहावा, असे त्यात नमूद केले आहे.