मळ्यातली वैरण, माळावरची वैरण: निपाणीतल्या माती तपासणीचा अनुभव

आमच्याकडं पाच एचएफ (होल्स्टीन) गायी, दोन मुऱ्हा म्हशी आणि वैरणीला दीड एकर रान. त्यातले २० गुंठे गोठ्याला लागून, मळ्यात. उरलेला एक एकर ओढ्यापलीकडं माळावर. दोन्हीकडं हत्तीगवत एकच, फुले जयवंत, एकाच दिवशी लावलेलं. तरी मळ्यातलं गवत डोक्यावर जायचं आणि माळावरचं कमरेला येऊन थांबायचं. माळाला पाणी कमी पडतं, असं घरात सगळे म्हणायचे. मला ते पटत नव्हतं, कारण माळावर ठिबक मीच बसवून घेतलंय आणि मोटारही मीच चालू करते.

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकातल्या निपाणीच्या एका खाजगी माती तपासणी प्रयोगशाळेला फोन केला. एका नमुन्याला ३५० रुपये, माणूस शेतावर येऊन नमुना घेणार, दहा दिवसांत अहवाल. मळ्याचा एक आणि माळाचा एक, असे दोन नमुने द्यायचं ठरवलं.

नमुना घ्यायला आलेला मुलगा कामाचा होता, हे आधी सांगते. आल्या आल्या त्यानं विचारलं, "अक्का, खत टाकून किती दिवस झाले?" चाळीस दिवस झालेत म्हटल्यावरच त्यानं गिरमिट काढलं. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची कड सोडून, नागमोडी चालत एकेका रानात बारा ठिकाणी वीतभर खोल माती काढली. मग ताडपत्रीवर सगळी एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. पूर्वी आम्ही बांधावरून ओंजळभर माती उचलून पिशवीत भरून द्यायचो. त्या आकड्यांवर भरवसा का ठेवला, याचं आता वाईट वाटतं.

अहवाल दहा दिवसांत आला नाही, सव्विसाव्या दिवशी आला. आला तोही फक्त कानडीत. माझी लेक शाळेत कानडी शिकते म्हणून निभावलं. सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब, मातीतला कुजलेल्या शेण-पाल्याचा अंश, हे तिनं सांगितलं, पण रंजक म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) आणि सतु म्हणजे जस्त (झिंक) हे शाळेतल्या बाईंना विचारून यावं लागलं. इकडच्या गावांत निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक मराठी बोलणारं असताना मराठी तर्जुमा जोडायला किती कागद लागतो?

खरी चूक मात्र पुढं होती. अहवालात मळ्याचा सेंद्रिय कर्ब ०.३८ आणि माळाचा ०.९२ टक्के लिहिला होता. मी लेकीला तीनदा वाचायला लावलं. मळ्यातली माती ओली असताना मुठीत दाबली तर काळी, मऊ, गांडुळांनी भरलेली. माळावरची तांबूस, पाऊस पडून गेला की वर पापडी धरणारी. हे आकडे उलटे आहेत, हे सांगायला मला प्रयोगशाळा नको होती. फोन केला तर आधी "असं होत नाही ताई" म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून कबूल झाले की चिठ्ठ्या बदलल्या होत्या, आणि शिल्लक मातीवर पुन्हा तपासणी करून दिली, पैसे न घेता. चूक मान्य केली म्हणूनच पुढच्या वेळीही तिथंच जाणार आहे. पण ज्यानं आपली माती कधी हातात घेतली नाही, त्यानं त्या कागदावर वर्षभर उलटं खत घातलं असतं.

दुरुस्त अहवालात मळ्याला स्फुरद हेक्टरी १४२ किलो आणि पालाश (पोटॅश) ७८० किलो. स्फुरद ५७ च्या वर आणि पालाश ३३६ च्या वर गेलं की भरपूर धरतात. माळाला स्फुरद १४, पालाश १६५, जस्त ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). जस्त ०.६ च्या खाली म्हणजे कमतरता.

हे वाचल्यावर मी गोठ्याच्या मोरीकडं जाऊन उभी राहिले. जनावराच्या अंगातून बाहेर पडणारं पालाश बहुतेक मुतातून जातं, नत्रही (नायट्रोजन) निम्म्याच्या आसपास. आमची मोरी सासऱ्यांच्या काळापासून मळ्यात उतरते. शेणखताची ट्रॉलीही मळ्यातच रिकामी व्हायची, कारण ओढ्यातून ट्रॅक्टर नेणं जिवावर यायचं. माळावरून वर्षाला ३५ टनांच्या आसपास वैरण गोठ्यात येते. टनामागं साधारण तीन किलो नत्र धरलं तरी शंभर किलोच्या वर नत्र त्या एक एकरातून निघून जातं, पालाश त्याहून जास्त. परत काय जायचं? युरियाच्या दोन पिशव्या, म्हणजे ४१ किलो नत्र. पालाश काहीच नाही. इतकी वर्षं आम्ही माळ उचलून मळ्यात ओतत होतो.

शिफारशीचा रकाना मात्र निरुपयोगी निघाला. त्यात उसाची मात्रा छापली होती. वैरणीचं पीक आहे, दीड-दोन महिन्यांनी कापणी होते, असं मी फोनवर सांगितलं होतं. शेवटी नमुना घेणाऱ्या त्या मुलानंच अंगणात बसून हिशोब मांडून दिला. मळ्यात डीएपी (स्फुरदाचं खत) आणि पोटॅश बंद, कापणीनंतर थोडा युरिया. माळाला एकरी १० किलो झिंक सल्फेट, आणि शेणखत सगळं तिकडं. नोव्हेंबरात ओढा उतरल्यावर चार ट्रॉल्या नेल्या. मोरीच्या तोंडाशी टाकी बांधली, पंपानं ते पाणी आता माळावर जातं.

दोन्हीकडं एकेक गुंठा खुंट्या मारून राखून ठेवलाय आणि प्रत्येक कापणीचं वजन करते. माळावर गुंठ्याला १३० किलो निघायचं, एप्रिलच्या कापणीला १९० निघालं. मळ्यात २९० चं २८५ झालं, म्हणजे वर्षाच्या तीन पिशव्या डीएपी फुकट जात होत्या. पिशवी १३५० रुपयांची.

अहवाल आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनाही दाखवला. दोन वर्षांत दोन गायी व्यायल्यावर आडव्या पडल्या होत्या, दोन्ही वेळा शिरेतून कॅल्शियम द्यावं लागलं. आकडे बघून ते म्हणाले, वैरणीत पालाश जास्त असलं तर गाय व्यायच्या वेळी हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणायला कमी पडते, शेवटचे तीन आठवडे गाभण गाईला मळ्यातलं गवत देऊ नका. यंदा एक गाय माळावरच्या गवतावर ठेवली, ती व्यायली आणि तासाभरात उठून वासराला चाटत होती. एका गाईवरून छातीठोक बोलणार नाही. अजून दोन गाभण आहेत.

इथं नमुना देणार असाल तर पिशवीवरची चिठ्ठी स्वतः लिहा आणि तिचा फोटो काढून ठेवा. फॉर्मवर पिकाच्या जागी 'हत्तीगवत, वर्षाला सात कापण्या' असं समोर उभं राहून लिहून घ्या. आणि जून उजाडायच्या आत द्या, नंतर त्यांच्याकडं उसाच्या नमुन्यांचा ढीग लागतो.