बायबलवर हाताने टिपणं: अ‍ॅपमध्ये की पीडीएफवर?
टॅबलेटवर पेनाने लिहिताना, अक्षरांचा आकार बदलला की लिहिलेली शाई कुठे जाते, हे आधी तपासा. काही बायबल अ‍ॅपमध्ये ओळी नव्याने मांडल्या जातात आणि रोमकरांस पत्र (बायबलमधलं एक पुस्तक) ८:२८ खाली मारलेली रेघ २९व्या वचनावर सरकू शकते. म्हणून आकार पक्का करा, स्क्रीनचं फिरणं बंद करा, मगच पेन उचला. पीडीएफचं पान हलत नाही, समासही रुंद ठेवता येतो, शाईसकट प्रत काढता येते. पण संदर्भावर टिचकी मारून दुसरं वचन उघडणं तिथे सहसा नसतं. शिवाय बायबलमधली सगळी पुस्तकं एकाच फाइलमध्ये घेतली तर ती अडखळू शकते. पुस्तकागणिक वेगळी फाइल करा.

रोजचं वाचन, शब्दशोध यांना अ‍ॅप बरं. एकच पत्र महिनोन्महिने अभ्यासायचं असेल, तर पीडीएफच घ्या.