कोल्हापूरहून आलेला मायक्रोस्कोप: जास्वंदीला पास, जांभळाला नापास

मधाचं गिऱ्हाईक आजकाल फार विचारतं. "जांभळाचाच कशावरून?" असं मुंबईच्या एका बाईंनी गेल्या मे महिन्यात विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. कुडाळजवळ माझ्या सातेरी माशीच्या अठरा पेट्या आहेत. माशी कुठल्या झाडावर जाते ते मला ठाऊक आहे, पण बाटलीतल्या मधातून ते दाखवणार कसं? कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा एक मित्र म्हणाला, मधात परागकण असतात, ते ओळखता आले तर झाड कळतं. म्हणून हा मायक्रोस्कोप घेतला. विद्यार्थ्यांसाठीचा, एका डोळ्याने बघायचा, लोखंडी अंगाचा. कोल्हापूरच्या एका दुकानातून मागवला, ४२०० रुपये, वर पार्सलचे १८०.

फोंडा घाट उतरून पार्सल धड आलं. थर्माकोल भरपूर होता, काच फुटली नव्हती. पण स्लाइड दाबून धरायच्या दोन क्लिपांपैकी एकच निघाली. फोन केला, "उद्या पाठवतो" म्हणाले. त्या उद्याला आता नऊ महिने झाले. काकीच्या केसांतला आकडा वाकवून मी दुसरी क्लिप केली आहे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१००० पट" असं छापलंय. त्यातली गोम सांगतो. भिंगं तीन: ४, १० आणि ४० ची. डोळा लावायची आयपीस १० ची, म्हणजे खरा पल्ला ४०० पट. पण सोबत २५ ची आणखी एक आयपीस देतात आणि ४० गुणिले २५ करून हजार भरवतात. ती लावली की चित्र मोठं होतं, अंधारतं आणि तपशील काडीचाही वाढत नाही. ४० च्या भिंगावर ०.६५ असा बारीक आकडा कोरलेला आहे. दोन ठिपके सुटे दिसणार की एकात एक मिसळणार, ते त्या आकड्यावर ठरतं. २५ ची आयपीस माझ्याकडे फडताळात पडून आहे.

पहिल्या दिवशी मधाच्या नादी न लागता अंगणातली लाल जास्वंद घेतली. साधी, पाच पाकळ्यांची. मधल्या लांब नळीवरचे पिवळे ठिपके ब्लेडच्या टोकाने स्लाइडवर झटकले. जास्वंदीचे पराग इतके मोठे की काचेवर रव्यासारखे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. ४ च्या भिंगाखाली शाळेची पारदर्शक पट्टी ठेवली तर दिसणाऱ्या गोलात साडेचार मिलिमीटर मावले. म्हणजे ४० च्या भिंगाखाली त्याचा दहावा भाग, ०.४५ मिलिमीटर. जास्वंदीच्या एका कणाने त्या गोलाचा तिसरा हिस्सा अडवला होता. १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास झाला की! आणि सगळ्या अंगावर काटे. काकीला बोलावलं. तिने एक डोळा हाताने झाकून पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्यां तर धोतऱ्याचां फळ!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव तेच.

मग नादच लागला. परसातली भेंडी: तसंच धोतऱ्याचं फळ, आकारही तसाच भरघोस. वाटेवरचं चिकण्याचं झुडूप: कण लहान, जास्वंदीच्या निम्म्याच्या आसपास, पण काटेरीच. कर्ली नदीच्या काठचा भेंड, ज्याचं पिवळं फूल कोमेजताना लालसर होतं, तोही काटेरी. एका घराण्याची माणसं नाकावरून ओळखावीत तसं झालं. मित्राने आणखी एक खूण सांगितली, ती मात्र सॅफ्रॅनिनचा लाल रंग दिल्यावरच सापडली: काट्यांच्या मधे बारीक गोल भोकं असतात, एक-दोन नव्हे, साऱ्या अंगभर विखुरलेली. परागनळी त्यातून बाहेर पडते. साध्या पाण्यात कण टाकला तर तो फुगतो आणि आतला ऐवज त्या भोकांतून बाहेर येतो. म्हणून मी पाणी वापरत नाही. आधी स्पिरिटमध्ये बुडवून अंगचं तेल घालवायचं, मग मेडिकलमधल्या ग्लिसरीनचा एक थेंब.

इथे मायक्रोस्कोपचा खरा कस लागतो. दुकानात गेलात की कांद्याची साल दाखवतात. कांद्याची साल चपटी, ती कुठल्याही डबड्यात छान दिसते. जास्वंदीचा कण हा चेंडू आहे. ४०० पटीवर त्याचा एका वेळी एक पातळ थरच स्पष्ट दिसतो: आधी नुसती काट्यांची टोकं, ठिपक्यांच्या रांगोळीसारखी, फोकस जरा खाली नेला की काट्यांचे बुंधे आणि मधली भोकं, आणखी खाली गेलं की कडेने दात असलेलं चाक. बारीक फोकसची चकती ढिली असेल तर हा प्रवास जमतच नाही, चित्र एकदम उडी मारतं. माझ्या यंत्राची चकती घट्ट आहे, हलकीशी फिरवली तरी थर थर उलगडतात. या एका गोष्टीसाठी त्या दुकानाला क्लिप माफ. तेव्हा विकत घ्यायला जाताना खिशात जास्वंदीचं फूल न्या. आणि कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, लावायला विसरू नका, ४० चं भिंग स्लाइडच्या अगदी अंगावर येतं, ग्लिसरीन लागलं की पुसत बसावं लागतं.

माझं एक जुनं कोडंही यातच सुटलं. भेंडीच्या फुलातून सातेरी बाहेर येते तेव्हा अंगभर पिवळी माखलेली असते, पण पायाच्या टोपलीत काही नाही. नारळावरून येते तेव्हा टोपल्या गच्च भरलेल्या. माशी परागाला थोडा मध लावून त्याचा लाडू वळते आणि पायाला चिकटवते. आता धोतऱ्याच्या फळांचा लाडू कोण वळणार? काटे एकमेकांना जवळच येऊ देत नाहीत. भेंडीच्या शेतालगत पेट्या ठेवून पराग मिळेल ही माझी आशा उगाच होती.

फेब्रुवारीत काटेसावर फुलली. मित्र म्हणाला, तीही भेंडी-जास्वंदीच्याच कुळातली. मी म्हटलं, मग काटे असणारच. कसले काटे! झाडाच्या खोडावर एवढे मोठे, परागावर एकही नाही. तीन कोपऱ्यांचा कण, त्याला तीन चिरा आणि अंगावर जाळी, कोळ्याच्या पागासारखी. धामणीच्या झाडाचा पाहिला तर लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा, त्यालाही तीन चिरा आणि जाळी. मला वाटलं मित्राने थट्टा केली. तर नाही. पूर्वी सावर, धामण आणि भेंडी यांची कुळं वेगवेगळी मानायचे. १९९८ साली डीएनएच्या आधारे जी नवी मांडणी झाली तिने ही सगळी भेंडीच्या कुळात आणून बसवली. जुन्या लोकांनी काढलेली वाटणी परागात अजून दिसते, घर एक झालं तरी.

वेंगुर्ल्याच्या एका ओळखीच्या बागेत नारळाखाली कोकोची झाडं आहेत. कोकोही याच कुळातला. त्याचं फूल चिमटीत मावेल एवढं, परागीकरण करतात डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिलटांसारख्या माश्या, आणि परागकण २० मायक्रॉनच्या घरातला. जास्वंदीच्या एका कणासमोर ओळीने सात मांडावे लागतील. त्याच्यावरही जाळी असते म्हणतात, पण माझ्या ४० च्या भिंगाला ती दिसली नाही, नुसता गोलसर ठिपका. इथे यंत्राची हद्द संपली. मित्राच्या कॉलेजात पराग साफ करायला नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक ॲसिड वापरतात, त्यात आतलं सगळं जळतं आणि परागाचं कवच तेवढं टिकतं. मग तेलातल्या १०० च्या भिंगाखाली जाळी मोजता येते. ते घरी करायच्या भानगडीत पडू नका.

आता मूळ कामाचं. १० ग्रॅम मध २० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवला आणि तळाचा गाळ पाहिला. जांभळाचे कण दिसतात, इवलेसे त्रिकोण. पण इतके लहान, की त्याच घराण्यातल्या दुसऱ्या झाडाचे नाहीत हे छातीठोक सांगता येत नाही. मुंबईच्या बाईंना मी तसंच कळवलं. त्यांनी चार बाटल्या मागवल्या.

कोकणात हे यंत्र घेणाऱ्यांसाठी: जुलैत भिंगाला बुरशी धरते, कोळिष्टकासारखी, आणि एकदा काच खाल्ली की जात नाही. वापर झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की कढईत मंद भाजा, परत निळे होतात. खालचा दिवा बरा आहे, पण वीज गेली तर आरसा लावता येतो. आरसा उजेडाकडे करायचा, सूर्याकडे कधीच नाही, डोळा जाईल.

पाचपैकी साडेतीन. शाळेतल्या पोरांसाठी, बागायतदारांसाठी, परसातली फुलं बघायला डोळे मिटून घ्या. मध तपासायला घेत असाल तर अजून पैसे साठवा.

क्लिप अजून आलेली नाही. काल लग्नाला जाताना काकी आकडा परत मागत होती. मायक्रोस्कोपवर भेंडाची स्लाइड अर्धवट बघून झाली होती, म्हणून दिला नाही.