स्वस्तात रिव्हॉल्वर देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

रिव्हॉल्वरचं लायसन नुकतंच हातात आलंय, पण हत्यार अजून घ्यायचंय, अशा माणसांना हेरून गाठणारे दलाल आपल्याकडं फिरतायत. माझ्या दाजींना त्यांनी 35 हजारांची टोपी घातली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते हत्यार घरात आलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला अजून झोप लागत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दाजींची कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. सीझनला रोकड घेऊन रात्री-अपरात्री गावाकडं जावं लागतं. त्यांनी कलेक्टर ऑफिसला रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, लायसन मिळालं. मग प्रश्न आला किमतीचा. सरकारी कारखान्यातलं .32 बोअरचं नवं रिव्हॉल्वर लाखाच्या आसपास जातं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर 2014 मध्ये बाजारात आलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती.

तेवढ्यात फोन आला. “शेठ, तुमचं लायसन झालंय म्हणं. जुनं वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्वर आहे, ओरिजिनल इंग्लंडचं. 70 हजारात देतो.” लायसन झाल्याची खबर त्याला कुणी दिली, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

एवढं स्वस्त कसं, याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. म्हणाला, 2019 ला कायदा बदलला, पूर्वी एका लायसनवर तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. एका बागायतदाराला तिसरं काढून टाकायचंय, म्हणून मातीमोल भावानं देतोय. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. पण त्याच कायद्यात जास्तीचं हत्यार एका वर्षाच्या आत पोलिसांकडं किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करायला सांगितलं होतं. ती मुदत केव्हाच संपली. आज कुणी ‘तिसरं हत्यार’ विकायला काढलं असेल, तर ते त्याच्या घरात असायलाच नको होतं. आणि वेब्लीचं म्हणाल, तर 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती पिस्तुला-रिव्हॉल्वरांचे भाव आपल्याकडं आभाळाला भिडलेत. चांगल्या वस्तूला लाखो रुपये मोजणारे हौशी असताना कुणी ती 70 हजारांना का देईल?

आधी 20 हजार टोकन घेतलं, मग ‘ऑफिसातल्या एनओसीसाठी’ म्हणून आणखी 15. दोन्ही वेळा फोनवरून, भलत्याच नावाच्या खात्यावर. दाजींनी कागदपत्रांचं विचारलं तर म्हणे, “वस्तू घेऊन जावा, 45 दिवसांचं नंतर बघू.” लायसनधारकाला आपलं हत्यार दुसऱ्या लायसनधारकाला विकायचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावं लागतं. हे ‘नंतर बघू’चं काम नव्हे.

वस्तू दाखवायला त्यानं हायवेला, तावडे हॉटेलच्या पुढं बोलावलं. दाजींनी मला सोबत घेतलं, कारण माझं उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप आहे आणि लोखंडातलं मला कळतं. गाडीत बसून त्यानं फडकं उलगडलं. वरून काळंभोर, नवं वाटावं असं ब्लॅकोडाइज केलेलं, म्हणजे रसायनानं काळा थर चढवलेलं. मोबाईलची बॅटरी तिरकी धरली, तर हत्याराच्या नंबराच्या जागी लोखंड किंचित खोलगट आणि काळ्या रंगाखाली कानशीचे बारीक आडवे ओरखडे. आकडे एकेक करून हातानं पंच केलेले, एक खोल, एक उथळ, शेवटचा कललेला. कारखान्यातून निघालेल्या मालावर असे आकडे नसतात. गोळ्या भरायची चक्री बोटानं हलवली तर घोडा ओढलेला असतानाही डावी-उजवीकडं खेळत होती. चक्रीतलं भोक नळीसमोर नीट बसलं नाही, तर गोळीचं शिसं कडेला तासलं जातं आणि कपच्या बाजूला उडतात, कधी चालवणाऱ्याच्याच अंगावर.

मी “नंबर घासलाय” एवढंच म्हणालो. त्यानं फडकं गुंडाळलं, आम्हाला खाली उतरवलं आणि गाडी पुण्याच्या दिशेनं निघून गेली. तेव्हापासून फोन बंद.

शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणं, खाडाखोड केलेला नंबर ज्याच्या ताब्यातल्या हत्यारावर सापडतो, त्यानंच तो खोडला असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. त्या हत्यारानं आधी कुठं काय केलंय, कुणास ठाऊक! दाजींचं लायसन खरं, पण त्यावर हे हत्यार चढलेलं नसल्यानं ते बेकायदाच ठरलं असतं. बेकायदा खरेदी-विक्रीला 2019 पासून किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आयुष्यभर इभ्रतीनं धंदा केलेला माणूस, 30-40 हजार वाचवायच्या नादात आत गेला असता.

माझं मत आता पक्कं झालंय. साध्या माणसानं स्वस्तातलं हत्यार घेऊच नये. एकतर कारखान्याची किंमत मोजून अधिकृत डीलरकडून बिलावर घ्यावं, नाहीतर नाद सोडावा. आणि बिलावर घेतलं तरी किंमत तिथं संपत नाही. काडतुसं महाग, वर्षाला किती घ्यायची ते लायसनवर ठरलेलं, निवडणूक लागली की हत्यार जमा करायचा आदेश येऊ शकतो. सरावाचं तर विचारूच नका. आपल्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, त्यामागं किती वर्षांची रोजची मेहनत आहे! कपाटात पडलेलं, वर्षातून एकदा तेल लावलेलं रिव्हॉल्वर अंधाऱ्या रस्त्यावर घाबरलेल्या माणसाच्या हातात काय कामाचं?

पोलिसांत जायला दाजी कचरत होते, आपल्यावरच उलटेल म्हणून. मी आग्रह धरला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पैशांची तक्रार नोंदवली, ठाण्यात लेखी अर्ज दिला, व्यवहाराच्या नोंदी आणि कॉलचे नंबर जोडले. पैसे अजून परत आलेले नाहीत. दाजींनी रोकड नेणंच बंद केलंय, शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, आता बँकेतून जाते.

तुम्हाला असा फोन आला तर विकणाऱ्याचं मूळ लायसन आणि त्यावरचा यूआयएन (लायसनधारकाचा ओळख क्रमांक) मागा, तो घेऊन कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत खात्री करा, तोवर एक रुपयाही पाठवू नका. हेच वेब्ली आणि हेच ‘तिसरं हत्यार’ सांगणारा फोन सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यालाही आल्याचं यार्डात कानावर आलंय.