बोअरच्या जड पाण्यासाठी काचनळीचा सोलर: घ्या, पण ड्रेनचा नळ बघून

लातूर, बीड, जालन्याकडच्या जड बोअरवर गरम पाण्यासाठी तांब्याच्या प्लेटचा सोलर टिकत नाही, काचनळीचा टिकतो. हे मत 200 लिटरच्या, 58 मिमीच्या 20 नळ्यांच्या साध्या मॉडेलबद्दल आहे.

20 अंशाला लिटरभर पाणी 998 ग्रॅम भरतं, 60 अंशाला 983. या 15 ग्रॅमच्या फरकावर सोलर मोटरीशिवाय चालतो. तापलेलं पाणी नळीच्या वरच्या अंगाने टाकीत चढतं, गार पाणी खालच्या अंगाने उतरतं. हा ओढा फार हलका असतो. प्लेटमधल्या बारीक नळ्यांत क्षार धरला की पाणी फिरायचं थांबतं. काचनळी आतून चारेक सेंटिमीटर रुंद, म्हणून तिथे वाट राहते. तापताना 200 लिटर पाणी तीनेक लिटरने फुगतं, त्यामुळे टाकीवरच्या हवेच्या पाइपला टोपण कधीच लावू नका.

आता क्षार. पाण्यातला बायकार्बोनेटचा, म्हणजे तात्पुरता, जडपणा तापल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसतो. 60 अंशांच्या पुढे जोरात. तो लिटरला 400 मिलिग्रॅम असेल आणि त्यातला दहावा हिस्साच बसला, तरी 200 लिटरमागे रोज 8 ग्रॅम, महिन्याला पाव किलोच्या आसपास. सल्फेट-क्लोराइडचा जडपणा मात्र उकळूनही जात नाही. विक्रेते टीडीएस मीटर दाखवतात, तो पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून सांगतो, त्यावरून जडपणा कळत नाही. थेंबांचं हार्डनेस किट वापरा.

मे महिन्यात पाणी 80 अंशांवर जातं आणि वापरलेल्या प्रत्येक लिटरमधला बराचसा तात्पुरता जडपणा आतच राहतो. तेव्हा निम्म्या नळ्यांवर शेडनेट टाका.

सफाई वर्षातून एकदा, उजाडायच्या आत. टाकी रिकामी करून रबरी रिंगांना साबणपाणी लावा, नळी हाताने फिरवत काढा. तळाचा गाळ आधी ओतून द्या. मग एका नळीला अडीच लिटर पाण्यात 125 ग्रॅम लिंबूसत्त्व, तीन-चार तास. थर जाड असेल तर पुन्हा तेच. मिठाचं ॲसिड नको, स्टीलच्या टाकीला त्याने बारीक छिद्रं पडतात. ऊन चढल्यावर रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की काच तडकते, आणि बहुतेक नळ्या अशाच फुटतात.

या मॉडेलची खरी उणीव म्हणजे टाकीच्या तळाला ड्रेनचा नळ नाही. गाळ काढायला दरवेळी नळ्या उतरवाव्या लागतात. बसवतानाच तो मागून घ्या, आणि टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी बाहेरून बदलता येते का तेही पाहा.

घरी धरणाच्या पाण्याची लाइन असेल तर सोलरला तीच जोडा. बोअर अंगणाला आणि शौचालयाला पुरे.