मेरिडाचा बाण कुठंय?

भाचीसोबत पिक्सारचा 'ब्रेव्ह' (२०१२) परत पाहिला. पाचपैकी चार तारे.

स्कॉटलंडची मेरिडा स्वतःच्याच स्वयंवरात उतरते. घट्ट झग्यात हात उचलेना, तर शिवण टरकावून तिन्ही निशाणांवर बाण! भाची सोफ्यावर उभीच राहिली. मला मात्र जास्त आवडली ती आई, राणी एलिनॉर. हाणामारी करणाऱ्या सरदारांमधून ती नुसती चालत गेली की सगळे चिडीचूप. पुढे मुलगी तीच चाल उचलते. शेवटी राजपुत्र मिळत नाही, मिळते ती आई. (तिळ्या भावांचे विनोद जरा लांबलेत, असो.)

एक तारा कापला तो पडद्याबाहेरच्या प्रकारासाठी. ही कथा ब्रेंडा चॅपमनला स्वतःच्या मुलीवरून सुचली, आणि चित्रपट पुरा होण्याआधीच दिग्दर्शन तिच्याकडून काढून घेतलं. २०१३ मध्ये डिस्नेने मेरिडाला अधिकृत राजकन्यांत घेतलं, तेव्हा नव्या चित्रात कंबर बारीक, झगा चमचमता आणि धनुष्य गायब! चॅपमनही भडकली, निषेधाच्या अर्जावर लाखोंनी सह्या केल्या.

ते चित्र भाचीला दाखवलं. तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हिचा बाण कुठंय?"