देवगुराडियाचं ट्रेंचिंग ग्राउंड: झाडांपेक्षा माती बघा

इंदूरच्या मराठी घरांत देवगुराडिया म्हटलं की आधी महाशिवरात्रीची जत्रा आठवते आणि मग ट्रेंचिंग ग्राउंडमुळे, म्हणजे शहराच्या कचरा डेपोमुळे, नाकावरचा रुमाल. तो रुमाल आता खिशात राहिला तरी चालतो, पण घरी विसरू नका.

नेमावर रोडवरच्या या जागेत सुमारे 100 एकरांवर 13 लाख टनांच्या आसपास जुना कचरा साचला होता. 2018 मध्ये तो उकरून, चाळून संपवला आणि मोकळ्या जमिनीवर झाडं लावली. 'सिटी फॉरेस्ट' हे नाव ऐकून जंगल बघायला गेलात तर हिरमोड होईल. झाडं एकाच पिढीची आहेत. जंगलाला लागतात ती जुनी खोडं, ढोल्या, पडून कुजलेली लाकडं इथे इतक्यात कुठून येणार?

बघण्यासारखी आहे ती जमीन. बहुतेक शहरं कचऱ्याच्या डोंगरावर मातीचा थर देऊन वर हिरवळ लावतात. फोटो छान येतो, पण आत कचरा कुजत राहतो. मिथेन वर येतो, मुळांजवळची हवा हटते आणि झाडं शेंड्याकडून वाळतात. कचरा खचला की थराला भेगा पडतात, पावसाचं पाणी आत उतरतं आणि काळं होऊन बाहेर झिरपतं. इथे ढीगच उचलल्यामुळे हा ससेमिरा टळला.

बायोमायनिंगची रीत अशी: पोकलेनने ढीग सैल करायचा, जिवाणूंचं कल्चर फवारायचं आणि दोन-अडीच मीटर उंचीच्या रांगा घालून त्या काही आठवडे उलटवत राहायच्या. ओल गेली की ट्रॉमलमध्ये, म्हणजे फिरत्या गोल चाळणीत, चाळायचं. ओला कचरा चाळणीला चिकटतो, जाळी बुजते आणि प्लास्टिकला माती लागून राहते, म्हणून वाळवण्यात घाई चालत नाही. पॉलिथीन सिमेंट कारखान्यांकडे आणि रस्त्यांच्या कामाला गेलं, माती इथेच झाडांसाठी वापरली.

अशी चाळलेली माती कितीही काळीभोर दिसली तरी काचेचे बारीक तुकडे आणि जड धातू तिच्यात राहू शकतात. मुलांना अनवाणी सोडू नका. बंद बूटच घाला, आणि अशा जमिनीवरची फळं किंवा पालेभाजी तोडून घरी आणू नका.

हे महापालिकेचं चालू काम असलेलं आवार आहे, फिरायची बाग नव्हे. आधी परवानगी घ्या. शेजारीच 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झालेला, त्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे; तो दाखवणार असतील तर सोडू नका. हिवाळ्यात भल्या पहाटे जायचा मोह टाळा. थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि वासही तिच्याबरोबर. ऊन चढलं की तो विरतो. पावसाळ्यात माळव्याची काळी माती बुटांना किलोकिलोने चिकटते, तेव्हा दिवाळीनंतरच जा.

शाळेच्या सहलीला आणि सोसायटीच्या कचरा समितीला ही जागा अगदी योग्य. पक्ष्यांसाठी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, धार रोडवर सिरपूर तलाव गाठा. 161 हेक्टरची ही पाणथळ जागा 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पाणी जेमतेम दोन मीटर खोल, त्यामुळे उथळ पाण्यात खाणारी थापट्या आणि तलवार बदकं हिवाळ्यात इथे रमतात. तिथे पहाटेच जा आणि 8×42 ची दुर्बीण सोबत ठेवा.